राखेनंतरची अजिंठा : मेजर रॉबर्ट गिलची दुसरी पाळी

(अजिंठ्याच्या भिंतींवरील चित्रांच्या नकला करण्यात आयुष्य घालविणाऱ्या एका चित्रकाराचे बहुतेक सारे काम लंडनजवळच्या आगीत नाहीसे झाले. तेव्हा तो बासष्ट वर्षांचा होता. तो पुन्हा त्याच लेण्यांकडे वळला.)

प्रतिनिधी, अकोला

अकोल्याहून मुंबईकडे निघालेली गाडी शेगाव, नांदुरा, मलकापूर मागे टाकत भुसावळच्या दिशेने धावू लागली, की डावीकडच्या खिडकीतून दूरवर डोंगरांची एक निळसर रांग सोबत करते. आपल्याकडची जुनी माणसे या डोंगरावरच्या मुलखाला बालाघाट आणि खालच्या काळ्या मातीच्या पट्ट्याला पयानघाट म्हणत. हीच अजिंठ्याची रांग. बुलढाण्याच्या अंगाने ती वऱ्हाडात शिरते आणि पश्चिमेकडे, वाघूर नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर, जगाला ठाऊक असलेली लेणी पोटात घेऊन उभी राहते. भुसावळ आले की प्रवासी चहा आणि केळ्यांच्या शोधात फलाटावर उतरतात. याच गावातील जुन्या युरोपीय दफनभूमीत मेजर रॉबर्ट गिल चिरविश्रांती घेत आहे, हे त्यांतल्या फारच थोड्यांना माहीत असते.

गिलचे नाव मराठी माणसाला अपरिचित नाही. ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या दीर्घ काव्याने आणि पुढे २०१२ मध्ये आलेल्या त्याच नावाच्या चित्रपटाने गिल आणि पारो यांची कथा घराघरांत पोहोचविली. मात्र या प्रेमकथेच्या झगमगाटात गिल नावाचा चित्रकार थोडा मागे पडला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. त्याच्या वाट्याला आलेली खरी शोकांतिका प्रेमातली होती तशीच ती कामातलीही होती. कामातल्या शोकांतिकेविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही.

२६ सप्टेंबर १८०४ रोजी लंडनमध्ये जन्मलेला हा मनुष्य विशीतच ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत दाखल झाला. ४४ व्या मद्रास नेटिव्ह इन्फन्ट्रीत तो अधिकारी होता. चित्रकलेचा हात चांगला, बंदुकीचा त्याहून चांगला. फौजेतल्या चाकोरीत राहिला असता तर कर्नल होऊन, निवृत्तिवेतन घेऊन इंग्लंडात परतला असता आणि कोणालाही आठवला नसता. त्याचे नशीब फिरविले ते जेम्स फर्ग्युसन या वास्तुकलेच्या अभ्यासकाने.

अजिंठ्याची लेणी २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या मद्रास फौजेतल्याच अधिकाऱ्याने शिकारीच्या नादात पाहिली आणि दहाव्या लेण्याच्या खांबावर आपले नाव व तारीख कोरून ठेवली, ही हकिकत शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. (आज कोणी तसे केले तर दंड होईल. स्मिथसाहेबांची ती अक्षरे मात्र पर्यटकांना कौतुकाने दाखविली जातात.) त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे लेण्यांच्या दृष्टीने वाईट होती. साहेब लोक येत, भिंती खरवडत, चित्राचा एखादा तुकडा आठवण म्हणून नेत. मुंबईच्या डॉ. जेम्स बर्ड यांनी तर संग्रहालयासाठी म्हणून आकृत्याच भिंतीवरून सोलून काढण्याचा उद्योग केला आणि त्यांचा हातात भुगा झाला. फर्ग्युसनने १८३९ मध्ये लेणी पाहिली होती. १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचून त्याने ही चित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या नकला करून घ्याव्यात, असा आग्रह धरला. कंपनीच्या संचालकांना तो पटला. १८४४ मध्ये या कामासाठी कॅप्टन गिलची नेमणूक झाली आणि पुढच्याच वर्षाच्या सुमारास तो निजामाच्या मुलखातल्या अजिंठा गावी येऊन दाखल झाला.

गावातली बारादरी त्याचे घर झाली. तेथून घाट उतरून लेण्यांपर्यंत जायचे आणि अंधार पडण्यापूर्वी परतायचे, असा क्रम सुरू झाला. हे काम दोन-चार वर्षांत उरकेल, अशी बहुधा सर्वांचीच समजूत असावी. प्रत्यक्षात ते जवळपास अठरा वर्षे चालले.

एवढा काळ का लागला, याचे उत्तर लेण्यात शिरल्याशिवाय मिळत नाही. पहिल्या किंवा सतराव्या लेण्यात आजही दिव्यांची सोय नसेल, तर बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना काही काळ काहीच दिसत नाही. हळूहळू एक हात उमटतो, मग एक मुकुट, मग डोळे झुकविलेला पद्मपाणी. गिलच्या वेळी भिंतींवर धुराची काजळी होती, छताला वटवाघळे होती, कपारींत मधमाश्यांची पोळी होती. सूर्य फिरेल तसा प्रकाश फिरे आणि भिंतीचा एखादा भाग दिवसातून थोडाच वेळ नीट दिसे. या उजेडात त्याला भिंतीवरच्या आकाराएवढ्याच नकला तैलरंगांत कापडावर उतरवायच्या होत्या. कापड आणि रंग परदेशातून यायचे. ते संपले की पुढच्या खेपेची वाट पाहायची. पावसाळ्यात ओल, उन्हाळ्यात अंगाची लाही, मधूनच हिवताप. आजूबाजूच्या रानात वाघांचा मुक्त वावर. गिल पट्टीचा शिकारी असल्याने त्या बाबतीत त्याची तक्रार नसावी.

चित्रांची अवस्था ही आणखी वेगळी अडचण. गिलावा जागोजागी निखळलेला. एखाद्या राजपुत्राचा चेहरा शाबूत, तर खांदा गेलेला. दासीच्या हातातली थाळी दिसते, पण दासी नाही. अशा वेळी नकल करणाऱ्याने काय करावे? गेलेला भाग कल्पनेने भरून काढावा, की भिंत जशी आहे तशीच भगदाडांसह रंगवावी? गिलच्या वाचलेल्या कापडांवर पडझडीचे डागही इमानाने रंगविलेले दिसतात. त्यांतल्या चेहऱ्यांत थोडी युरोपीय गोलाई शिरली आहे, हा आक्षेप कलासमीक्षक घेतात आणि तो खोटाही नाही. तैलरंगाचा जडपणा मूळ रंगांच्या हलकेपणाला कधी पकडू शकत नाही, हेही खरे. तरीही ही नकल आळसाने केलेली नाही.

वऱ्हाडच्या वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गिल ज्या सोळाव्या आणि सतराव्या लेण्यांतल्या भिंतींसमोर वर्षानुवर्षे बसला, ती पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातली. सोळावे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने करविले, असे तेथील शिलालेख सांगतो. हा हरिषेण वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा, आणि वत्सगुल्म म्हणजे आपले वाशीम. १९९८ पर्यंत ते अकोला जिल्ह्यातच होते. म्हणजे अजिंठ्याच्या चित्रवैभवामागची राजसत्ता आपल्या दारातली! गिलला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. अजिंठ्याचे शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६० च्या दशकात अभ्यासले. वाकाटकांचा इतिहास नीट उलगडायला तर विसावे शतक आणि नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यावे लागले. गिलपुढे राजांची नावे नव्हती. त्याच्यापुढे रंग आणि रेषा होत्या.

याच काळात पारो त्याच्या आयुष्यात होती. तिच्याविषयी कागदोपत्री पुरावा अत्यल्प आहे आणि लोककथा विपुल. ती लेण्यांच्या परिसरातली, त्याला रंगांच्या कामी मदत करणारी, असे स्थानिक लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले. निश्चित म्हणावे असे एकच आहे. अजिंठा गावात गिलने तिची समाधी बांधली आणि आपल्या प्रिय पारोच्या स्मरणार्थ असा लेख व २३ मे १८५६ ही तिच्या मृत्यूची तारीख दगडावर कोरून घेतली. घरात बायको-मुले असलेल्या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने एका देशी स्त्रीचे नाव असे उघड्यावर कोरावे, याला त्या काळी धैर्य लागत असणार. बाकीचे कवींवर सोपवलेले बरे.

त्याच १८५६ च्या सुमारास त्याच्या हाती कॅमेरा आला. आज खिशातल्या फोनने सेकंदाला दहा छायाचित्रे काढणाऱ्यांना त्या कॅमेऱ्याची कल्पना येणार नाही. काचेच्या पट्टीवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच ती कॅमेऱ्यात घालायची, प्रकाश दाखवायचा आणि वाळण्यापूर्वी अंधाऱ्या तंबूत धुऊन काढायची. वैशाखातल्या वाऱ्यात हा थर किती झटपट वाळत असेल, ते आपण वऱ्हाडकरच जाणोत. गिलने मुख्यत्वे जोडचित्रे काढली. दोन डोळ्यांच्या अंतरावरून घेतलेली दोन छायाचित्रे विशिष्ट भिंगांतून एकत्र पाहिली, की खांबामागे खांब उभा राहतो आणि लेण्याला खोली येते. १८६४ मध्ये लंडनमध्ये त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तके निघाली. दोन्हींचा मजकूर फर्ग्युसनचा. एकात भारतातल्या कोरीव लेण्यांची चौऱ्याहत्तर छायाचित्रे होती. दुसऱ्यात पश्चिम भारतातले स्थापत्य आणि वन्यप्राणी यांची शंभर जोडचित्रे. प्राणी अर्थात बहुतेक त्यानेच मारलेले. लेण्यांबरोबर तो आपल्या भागातही फिरला. लोणारच्या प्राचीन देवळांच्या आरंभीच्या छायाचित्रांत त्याच्या छायाचित्रांची गणना होते.

मात्र कॅमेऱ्याने कुंचल्याची गरज संपली नव्हती, हे येथे सांगितले पाहिजे. त्या वेळच्या काचेला भरपूर ऊन लागे, आणि अजिंठ्याची चित्रे अंधारात होती. शिवाय छायाचित्रात रंग नव्हता. दर्शनी भाग, खांब, स्तूप, मूर्ती यांसाठी कॅमेरा आणि आतल्या भिंतींसाठी कापड, अशी वाटणीच त्याच्या कामात पडलेली दिसते.

१८६३ पर्यंत सुमारे तीस मोठी चित्रे लंडनला रवाना झाली होती. गुंडाळ्या करून, पेट्यांत घालून, बैलगाड्यांवर लादून बंदरापर्यंत, आणि तेथून जहाजाने. लंडनमध्ये त्यांचे स्वागतही बरे झाले. दक्षिण लंडनमधल्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेस या प्रचंड काचमहालाच्या भारतीय दालनात त्यातली बहुतेक मांडण्यात आली. ज्यांनी कधी हिंदुस्थान पाहिला नव्हता, असे हजारो लोक रविवारचा कपडा घालून त्यांच्यासमोरून जात असतील. अजिंठ्याला न जाता अजिंठा पाहायची ती पहिलीच मोठी संधी होती.

डिसेंबर १८६६ च्या अखेरीस क्रिस्टल पॅलेसच्या एका भागाला आग लागली. काच आणि लोखंडाच्या इमारतीत लाकडाची फरशी व सजावट भरपूर होती. भारतीय दालन त्याच भागात होते. गिलची मांडलेली सारी चित्रे गेली. जी चार-पाच कापडे काही कारणाने तेथे पाठविलीच नव्हती, तेवढी वाचली. आग लागण्यापूर्वी या चित्रांची छायाचित्रे घेऊन ठेवण्याचे कोणाला सुचले नव्हते. ज्याने स्वतः कॅमेऱ्याची पुस्तके काढली, त्याच्याच चित्रांच्या बाबतीत हे घडावे, याला काय म्हणावे? एका पुस्तकासाठी काढलेल्या काही छोट्या रेखाकृती तेवढ्या उरल्या. काही भागांच्या बाबतीत हानी दुहेरी होती. नकल जळली होती, आणि मूळ भिंतीवरचा गिलावा मधल्या वीस वर्षांत आणखी झडला होता.

तेव्हा सुवेझचा कालवा झालेला नव्हता. बातमी काही आठवड्यांनी अजिंठ्याला पोहोचली असेल. योगायोग असा, की त्याच हिवाळ्यात आपल्याकडे रेल्वेचे रूळ अकोला, बडनेरा ओलांडून नागपूरकडे सरकत होते आणि १८६७ च्या फेब्रुवारीत ती वाट खुली झाली. ज्या कामाला बैलगाडी लागत होती त्याला आता भुसावळपर्यंत आगगाडी मिळणार होती. ते काम मात्र जळून गेले होते.

बासष्टाव्या वर्षी कोणीही हात टेकले असते. सैन्यातली नोकरी मागे पडलेली, प्रकृती तापाने पोखरलेली, घर विस्कटलेले. इंग्लंडात परत जायला आता कारण होते. पण गिल गेला नाही. त्याने पुन्हा काम करण्याची तयारी कळविली आणि रंगसाहित्याबरोबरच छायाचित्रणाची सामग्रीही मागितली. पहिल्या खेपेला तो हुकमावरून आला होता. दुसऱ्या खेपेला हुकूम नव्हता, त्यालाच तो मागावा लागत होता.

या दुसऱ्या पाळीचे चित्र पहिल्यासारखे भव्य नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तीस प्रचंड कापडे पुन्हा उभी राहिली नाहीत. आता कामाची आच कमी नव्हती, शक्ती कमी होती. तो पुन्हा त्याच पायऱ्या चढला, त्याच भिंतींपुढे बसला, कॅमेरा आणि कुंचला दोन्ही चालवीत राहिला. आपणच पूर्वी रंगविलेल्या आकृती पुन्हा पाहताना त्याला काय वाटले असेल, याचा अंदाजच करायचा. चित्रकाराला आपले जुने चित्र समोर ठेवून नवे काढता येते. येथे जुने चित्र राख झालेले, मूळ चित्र झडत चाललेले आणि हाताला कंप सुटण्याचे वय. प्रस्तुत प्रतिनिधीला गिलच्या चरित्रातला हाच भाग सर्वांत मोठा वाटतो. पडद्यावर तो फारसा येत नाही, कारण त्यात नाट्य नाही. रोज सकाळी उठून घाट उतरणे एवढेच आहे.

सरकारने मात्र वेगळा मार्ग काढला. १८७२ पासून मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हिवाळ्यात अजिंठ्याला येऊ लागले. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे पुढे नावाजलेले चित्रकार या तुकडीत होते. काम मोठे आणि पद्धतशीर होते. मधली काही वर्षे पैशांअभावी खंड पडूनही १८८५ पर्यंत तीनशेच्या आसपास चित्रे तयार झाली. हे सारे सुरू असताना गिल त्याच परिसरात होता. जे काम त्याने एकट्याने, दिव्याशिवाय आणि मदतीशिवाय रेटले, ते आता एक संस्था करीत होती. व्यवहार म्हणून सरकारचा निर्णय योग्यच होता. म्हाताऱ्या माणसाला तो कसा लागला असेल, ते वेगळे.

ग्रिफिथ्सच्या तुकडीने चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर व्हार्निश चढविले आणि त्यामुळे पुढे रंग पिवळट पडून पापुद्रे सुटू लागले, हे दूषण आजही दिले जाते. विसाव्या शतकात निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणून त्यातले थोडेफार निस्तरण्याचा प्रयत्न केला. भारतीय पुरातत्त्व विभागाचे काम अद्याप संपलेले नाही.

१८७९ च्या एप्रिलमध्ये गिल फार आजारी पडला. त्याला भुसावळकडे नेण्यात येत होते. वाटेतच १० एप्रिल रोजी त्याचा मृत्यू झाला. वय चौऱ्याहत्तर. अजिंठ्याशी त्याचा संबंध चौतीस वर्षांचा. इतकी वर्षे तर वाकाटकांच्या कोणा कारागिरानेही त्या भिंतींसमोर काढली असतील की नाही, शंका आहे.

एका गोष्टीला तो सुदैवाने मुकला. १२ जून १८८५ रोजी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयाच्या इमारतीत आग लागली आणि ग्रिफिथ्सच्या चित्रांपैकी शंभरावर चित्रे जळाली. अजिंठ्याच्या नकला लंडनला पाठवाव्यात आणि त्या तेथे जळाव्यात, हे एकोणीस वर्षांत दुसऱ्यांदा घडले. ग्रिफिथ्स निदान एवढा शहाणा झाला होता, की उरलेल्या चित्रांवरून १८९६ मध्ये त्याने दोन खंडांचा ग्रंथ छापून टाकला. त्यानंतर १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम नंदलाल बोस आणि असितकुमार हळदार यांना घेऊन आल्या. मग हैदराबादच्या गुलाम याझदानींचे खंड आले. नकलांची ही परंपरा थांबली नाही. तिची सुरुवात मात्र अजिंठ्याच्या बारादरीतून रोज सकाळी निघणाऱ्या एका माणसाने केली होती.

गिलची वाचलेली कापडे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. रंग काळवंडले आहेत. तरीही अभ्यासक ती भिंतीच्या आजच्या छायाचित्रांशेजारी ठेवतात, तेव्हा १८५० च्या सुमारास भिंतीवर नेमके काय शिल्लक होते, याचा तो एक साक्षीदार ठरतो. त्याची छायाचित्रे ब्रिटिश लायब्ररीत आहेत. अजिंठा गावात पारोची समाधी आहे. ती पाहायला चित्रपटानंतर लोक जाऊ लागले. वऱ्हाडातून सहलीच्या गाड्या लेण्यांकडे जातात, तेव्हा या समाधीकडे वळायला फार तर अर्धा तास लागतो. भुसावळची कबर मात्र अजून तितकीच एकाकी आहे. गाडी तेथे बराच वेळ थांबते.